ब्रेकची रबरी नळी

मोटारीच्या पुढच्या चाकामागें वाकून पाहिलें असतां बोटाएवढ्या जाडीची, वीतदीड वीत लांबीची एक काळी रबरी नळी दृष्टीस पडते. गाडी विकत घेणारा गृहस्थ रंग पाहतो, बैठका दाबून पाहतो. या नळीकडे त्याचें लक्ष जात नाहीं. परंतु पायानें ब्रेक दाबला म्हणजे चौरस इंचास कित्येकशें पौंड दाब याच नळींतून चाकापर्यंत जातो, आणि घरच्या माणसांचा जीव तेवढा वेळ तिच्यावर अवलंबून असतो.

आरंभींच्या मोटारींत असली नळी नव्हती. सळया, तारा व तरफा यांनीं ब्रेक ओढला जाई, आणि पुष्कळ गाड्यांत तो मागच्या दोन चाकांसच असे. पुढचीं चाकें वळणारीं व खालीं‑वर उसळणारीं. त्यांस सळईनें बांधणें कठीण. शिवाय चारही चाकांच्या सळया एकसारख्या ताणाच्या ठेवणें हें नित्याचेंच काम होऊन बसे. एक चाक आधीं धरे, दुसरें मागाहून, आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी फिरे.

यावरचा उपाय भौतिकशास्त्रांत फार पूर्वींपासून होता. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोंचतो, हा सिद्धांत ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडितानें मांडला. त्याचा यावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. १७९५ सालीं जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें याच तत्त्वावर दाबयंत्र केलें. पण तें तत्त्व मोटारीच्या चाकास लावण्याचा उद्योग अमेरिकेंतील माल्कम लॉकहीड यानें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास केला. त्याच्या आडनांवाचे स्पेलिंग असें विलक्षण होतें कीं लोक तें ‘लॉगहेड’ असें वाचीत. त्रासून त्यानें तें उच्चाराप्रमाणें बदलून घेतलें. विमानांच्या धंद्यांत प्रसिद्धीस आलेला ॲलन लॉकहीड हा त्याचाच भाऊ.

१९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग गाडीस हा तेलाच्या दाबाचा ब्रेक चारही चाकांस बसविला होता. ती श्रीमंतांची गाडी. सामान्य ऐपतीच्या गिऱ्हाइकापर्यंत हा ब्रेक पोंचविला तो १९२४ सालच्या क्रायस्लरनें. लॉकहीडच्या रचनेंत दट्ट्यांना चामड्याच्या वाट्या होत्या व त्यांतून तेल झिरपे. क्रायस्लरचे यंत्रज्ञ झेडर, स्केल्टन व ब्रीअर यांच्या हाताखालीं चामडें जाऊन रबराच्या वाट्या आल्या, आणि ब्रेक भरंवशाचा झाला.

तरीही हेन्री फोर्ड बधला नाहीं. पायापासून चाकापर्यंत पोलाद, हीच आपल्या गाडीची सुरक्षितता, असें त्याच्या जाहिराती सांगत, आणि १९३८ सालच्या गाड्यांपर्यंत त्यानें सळयाच चालविल्या. यांत हट्ट पुष्कळ होता, पण शंका पोकळ नव्हती. सळई तुटली तर बहुधा एक चाक जाई. नळी फुटली तर सारें तेल रस्त्यावर आणि चारही चाकें मोकळीं! या आक्षेपाला खरें उत्तर मिळण्यास बरींच वर्षें लागलीं. तेलाचे मार्गच दोन करावे, एक फुटला तरी दुसरा चालावा, ही रचना १९६२ सालच्या कॅडिलॅकसारख्या गाड्यांत आली, व अमेरिकेंत ती १९६८ पासून नव्या मोटारींस कायद्यानें सक्तीची झाली.

मुंबईशीं या इतिहासाचा धागा क्रायस्लरमुळें जुळतो. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर कारखान्यानें १९४७ पासून कुर्ल्यास क्रायस्लरच्या परवान्यानें गाड्या जुळविल्या. पुढें तेथेंच फियाट निघूं लागली. त्या जुन्या गाड्या हौसेनें जतन करणारे गृहस्थ आजही आहेत, आणि नळी बदलण्याचें काम त्यांच्यापैकीं कित्येक अंगणांतच करतात.

नळी दोन तऱ्हांनीं दगा देते. बाहेरून भेगा पडून ती फुगते. हें डोळ्यांना दिसतें. दुसरी तऱ्हा अधिक लबाड. आंतलें अस्तर सुटून झडपेसारखें आडवें येतें. दाबानें तेल चाकाकडे जातें, पण परत फिरत नाहीं. चाक धरलेलेंच राहतें व तापतें, आणि बिचारा मालक ब्रेकच्या पट्ट्या बदलीत बसतो.

बदलतांना गाडी नुसत्या जॅकवर ठेवूं नये. खालीं भक्कम आधार द्यावा. गंजलेल्या सांध्यावर आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल सोडावें. मग नळीचें टोंक एका पान्यानें धरून पोलादी पाइपाचा नट दुसऱ्यानें फिरवावा. घाईनें एकच पाना लावला तर नळीबरोबर पाइपही पिळतो. नवी नळी प्रथम चाकाकडे, तांब्याच्या नव्या वॉशरसह आवळावी. तिला पीळ राहूं देऊं नये, व स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पुरतें फिरवून ती टायरास घासत नाहीं हें पाहावें.

त्यानंतर हवा काढणें आलें, आणि तेथें दोन माणसें लागतात. हवा दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. म्हणून एक बुडबुडा उरला तरी पेडल मऊ लागतें. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें चाकाचा निपल सैल करून तेल बाटलींत घ्यावें, व पेडल सुटण्यापूर्वीं निपल आवळावा. वरची टाकी मध्येंच रिकामी होऊं देऊं नये. बाटलींत आलेलें तेल परत ओतूं नये, कारण ब्रेकचें तेल हवेंतला ओलावा शोषतें. आणि इंजिनचें तेल तर चुकूनही घालूं नये, त्यानें रबर फुगून सारा ब्रेक निकामी होतो. शेवटीं पेडल मिनिटभर जोरानें दाबून ठेवावें व प्रत्येक सांधा कोरड्या कागदानें पुसून पाहावा. कागद कोरडा निघाला म्हणजे दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे वळावें. तेथली नळीही तितकीच जुनी असते.