गादीचा शेवटचा धनी

राज्य आणि घराणे यांची फारकत करणे संस्थापकाच्या पुत्रास सहसा साधत नाही. कारण ज्या अधिकाराने ती करावयाची, तो अधिकारच मुळी घराण्याकडून त्याच्या पदरी पडलेला असतो. तैवानचे अध्यक्ष च्यांग चिंग-कुओ यांच्या चरित्रात हा पेच फार ठसठशीतपणे दिसतो.

चेच्यांग प्रांतातील शिखौ या गावी 1910 साली जन्मलेला, कुओमिंतांग पक्षाचे पुढारी च्यांग काय-शेक आणि त्यांची पहिली पत्नी माओ फू-मेइ यांचा हा मुलगा, त्या पक्षाचे सोव्हिएट रशियाशी सख्य असताना, 1925 साली शिक्षणासाठी मॉस्कोस रवाना झाला. दोनच वर्षांनी पित्याने शांघायमध्ये साम्यवाद्यांची कत्तल आरंभली, तेव्हा पुत्राने पित्याचा जाहीर धिक्कार केला. तरीही पुढील दहा वर्षे त्यास मायदेशी परतण्याची मोकळीक मिळाली नाही. उरलच्या मुलखात, स्वेर्दलोव्स्क येथील यंत्रांच्या कारखान्यात काम करीत असता, फाइना वाख्रेवा या तेथील कामगार तरुणीशी 1935 साली त्यांचा विवाह झाला, आणि 1937 साली ते सहकुटुंब चीनला परतले. सासरी फांग-ल्यांग हे नाव धारण केलेली ही स्त्री 2004 साली तैपेई येथे निधन पावेपर्यंत पुन्हा रशियात गेली नाही. मातेचा सहवास मात्र चिंग-कुओंना फार काळ लाभला नाही: 1939 साली शिखौवर झालेल्या जपानी बाँबवर्षावात ती मृत्यू पावली, आणि पुत्राने रक्ताने रक्त धुण्याची प्रतिज्ञा शिळेवर कोरविली.

घराणे राज्यास कसे अडवते, याचा दाखला त्यांना 1948 साली शांघायमध्ये मिळाला. नवे सुवर्ण-युआन चलन सावरण्यासाठी साठेबाजांवर जप्त्या आणि अटकसत्र चालविताना त्यांचा हात यांग्त्झे कंपनीच्या तरुण मालकापर्यंत पोहोचला. पण हा गृहस्थ सावत्र आई सुंग मेइ-लिंग यांचा भाचा असल्याने ते प्रकरण दडपले गेले, आणि मोहीम फसून चिंग-कुओंना पद सोडावे लागले.

साम्यवाद्यांकडून झालेल्या 1949 च्या पराभवानंतर तैवानात याच हातांकडे गुप्त पोलिसांचा कारभार आला. लष्करी कायद्याच्या अंमलाखाली झालेल्या धरपकडी, कैदा आणि देहांताच्या शिक्षा यांची जबाबदारी त्यांच्या चरित्रातून वगळता येणार नाही. पुढे 1965 साली संरक्षणमंत्री, 1972 साली पंतप्रधान आणि पित्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, 1978 साली, अध्यक्ष अशा पायऱ्या ते चढले. उत्तर-दक्षिण महामार्ग, बंदरे, पोलादाचा कारखाना आणि विमानतळ अशी 'दहा महान बांधकामे' याच कारकिर्दीतली.

मग वारसाचा प्रश्न उभा राहिला. 1984 साली चिंग-कुओंच्या घराण्याचा टीकाकार असलेल्या, त्यांच्याच एका चरित्रकाराचा कॅलिफोर्नियात खून झाला. लष्करी गुप्तचर खात्याचा प्रमुख दोषी ठरला, आणि द्वितीय पुत्र श्याओ-वू याच्यावरही संशय घेतला गेला, पण तो सिद्ध झाला नाही. पुढील वर्षी अध्यक्षांनी जाहीर केले की, च्यांग कुटुंबातील कोणीही त्यांच्यामागे अध्यक्षपदी येऊ शकणार नाही आणि येणारही नाही. 1986 साली कायदा मोडून स्थापन झालेल्या लोकशाही प्रगतिशील पक्षावर त्यांनी कारवाई केली नाही, आणि 15 जुलै 1987 रोजी 38 वर्षांचा लष्करी कायदा उठविला. 13 जानेवारी 1988 रोजी ते वारले, तेव्हा तैवानातच जन्मलेले उपाध्यक्ष ली तेंग-हुइ अध्यक्ष झाले; आणि औरस तिन्ही पुत्र 1996 सालापर्यंत एकामागून एक मृत्यू पावले.

दबाव, अमेरिकेची नाराजी, वार्धक्य आणि मधुमेह यांनी घराण्याकडे वारसा न ठेवण्याच्या निर्णयास हातभार लावला, हे खरे. तथापि, ज्या पुरुषाने शांघायमध्ये नात्यापुढे राज्य हरताना पाहिले होते, त्यानेच अखेरीस नात्यापुरते का होईना राज्य मोकळे केले. त्यांचाच पुत्र मानल्या जाणाऱ्या च्यांग श्याओ-येन यांचे चिरंजीव च्यांग वान-आन 2022 साली तैपेईचे महापौर झाले. पण त्यांना ते पद कोणा वडीलधाऱ्याच्या हुकुमाने मिळाले नाही. त्यासाठी त्यांना मतदारांच्या दारी जावे लागले, आणि मतदारांना नकार देण्याचा अधिकार होता.