वामन : एका शब्दाची पावलं

भाद्रपद शुद्ध द्वादशी म्हणजे वामन द्वादशी. तेव्हा आज 'वामन' या शब्दाचाच विचार करू. अर्थ साधा आहे : ठेंगणा, बुटका.

ऋग्वेदात विष्णूची तीन पावलं आहेत, पण तिथं तो ठेंगणा नाही. तो 'उरुगाय', लांब पावलं टाकणारा. शतपथ ब्राह्मणात मात्र विष्णू वामन आहे. असुर देवांना म्हणाले, हा निजेल तेवढीच भूमी तुमची. देवांनी त्याच्याभोवती यज्ञ मांडला नि सगळी पृथ्वी मिळवली. तिथं बळीराजा नाही. पुढं पुराणांनी या गोष्टी एकत्र गुंफल्या आणि बळीच्या यज्ञात छत्री-कमंडलू घेतलेला बटू येऊन उभा राहिला. बदामीचं तिसरं लेणं शके ५०० चं, म्हणजे इ.स. ५७८ चं. तिथं त्रिविक्रम कोरलेला आहे. बघा, पाय कसा आभाळाला भिडलाय!

गंमत अशी, की अमरकोशातल्या आठ दिग्गजांत दक्षिणेच्या हत्तीचं नावही वामनच.

आता शेतात या. उंच गव्हाला खत घातलं, ओंबी भरली, की ताट लोळायचं. मग बोरलॉग आणि स्वामिनाथन यांच्या प्रयत्नांनी १९६० नंतरच्या दशकात बुटका गहू आपल्याकडे रुजला. ताट आखूड म्हणून भार पेलतं. त्या बुटक्यानं देशाची भाकरी पिकवली.

आकाशातही तेच. २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवून 'बटू ग्रह' म्हटलं. आणि 'श्वेत बटू' तारा? आकार पृथ्वीएवढा, वजन सूर्याएवढं! चमचाभर द्रव्य कित्येक टन भरेल. तो किती भार सोसू शकतो, याची मर्यादा आपल्या चंद्रशेखरांनी काढली. १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं.

पण मंडळी, हा शब्द माणसावर आला, की आपण हसतो. जत्रेत, सर्कशीत ठेंगणा माणूस दिसला, की बोट दाखवतो. त्याला बसची पायरी उंच, खिडकी उंच, फळा उंच. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात त्याचं नाव नव्हतं. २०१६ च्या कायद्यात आलं : प्रौढ माणसाची उंची ४ फूट १० इंच किंवा त्याहून कमी असेल, तर त्याला हक्क आहेत. कायद्यानं जागा दिली. मान मात्र आपणच द्यायचा आहे.

तो कसा द्यावा, हे बळीराजाकडून शिकावं. भागवतात पाहा. बटू कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तीनच पावलं मागतोस, असं तो म्हणालाही. पण त्याआधी उठून त्यानं त्या बटूचे पाय धुतले होते. उंची मोजण्याआधी मान दिला! वारीत, रांगेत, दारात असा कोणी ठेंगणा भेटला, तर एवढं ध्यानात ठेवा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!