दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द नेमके कसे शोधायचे? आणि हे कोडं सुप्रीम कोर्टात कसं पोहोचलं?

मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये एक खेळ खेळून बघा. फलाटावर परळची इंग्रजी पाटी दिसली की तीच पाच अक्षरं वापरून दुसरा शब्द करायचा. पी, ए, आर, ई, एल. उत्तर आहे 'पर्ल', म्हणजे मोती. आणखी एक निघतो, 'पेलर'. शीवच्या सायनमधून 'आयन्स' होतं. हार्बर मार्गावरच्या शिवडीतून तर तीन शब्द पडतात: 'वायर्स', 'वायझर' आणि 'वीअर्स'. ताडदेवला रेल्वे स्टेशन नाही, पण त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधून 'ओरेटेड' होतं.

वर्तमानपत्रातलं इंग्रजी शब्दकोडं, स्क्रॅबल, वर्डल किंवा मुलांच्या वर्कबुकमधली 'जंबल्ड वर्ड्स', सगळीकडे प्रश्न हाच असतो.

आपल्याला हे अवघड का जातं?

मराठी शब्दकोड्यात एका चौकोनात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर बसतं. इंग्रजीत स्वरालाही स्वतःचा चौकोन लागतो. त्यामुळे तिथे स्वर उचलून दुसरीकडे ठेवला की नवा शब्द तयार होतो. मराठीत वाचायला शिकलेल्या डोळ्याला ही सुटी-सुटी अक्षरं हलवायची सवय नसते. इंग्रजी कच्चं आहे म्हणून कोडं सुटत नाही, असं समजून बरेच जण सोडून देतात. ते खरं नाही.

आधी प्रश्न ओळखा

सगळी अक्षरं वापरायची आहेत, की त्यातली काहीच वापरली तरी चालतील, की काही अक्षरांच्या जागा पक्क्या आहेत? या तिन्हींची रीत वेगळी आहे.

सगळी अक्षरं वापरायची असतील तर ती वर्णक्रमानं लावा. परळची अक्षरं होतात ए, ई, एल, पी, आर. 'पर्ल' हा शब्द तसाच लावला तरी हाच क्रम येतो. शब्द शोधून देणाऱ्या वेबसाइट बहुधा याच युक्तीवर चालतात. शब्दकोशातला प्रत्येक शब्द आधीच असा लावून ठेवलेला असतो, तुमची अक्षरं आली की फक्त जुळणी बघायची. पाच अक्षरांच्या 120 मांडण्या तपासाव्या लागत नाहीत.

काही अक्षरं वगळायची मुभा असेल तर शब्दांचा पाऊस पडतो. गिरगावच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ऑर्गन', 'ग्रोन', 'आरगॉन', 'ग्रेन', 'गोइंग', 'रेजिंग' एवढे शब्द दडलेत. (जुन्या पद्धतीनं शेवटी यू-एम लिहिलंत तर ओ आणि एन जातात आणि यातला एकही शब्द हाती राहत नाही.) इथे कागदावर अक्षरं ओळीत न लिहिता गोलात लिहा, म्हणजे मूळ शब्द डोळ्यांसमोरून हटतो. मग शेपट्या शोधा: आय-एन-जी, ई-डी, ई-आर. नंतर टी-एच, सी-एच, एस-टी अशा जोड्या. क्यू दिसला तर आधी यू आहे का बघा.

दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात केली तर काम लवकर होतं. स्क्रॅबलचा जनक आल्फ्रेड बट्स यानं वर्तमानपत्रात कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजून सोंगट्या ठरवल्या. इंग्रजी संचातल्या 100 सोंगट्यांत ई 12 आहेत, ए आणि आय प्रत्येकी 9, तर जे, के, क्यू, एक्स, झेड फक्त एकेक. म्हणजे हातात झेड असेल तर पर्याय मुळातच थोडे.

जागा पक्क्या असतील तर वनलुकसारख्या साइटवर प्रत्येक अनोळखी अक्षरासाठी एक प्रश्नचिन्ह द्यायचं. किती अक्षरं आहेत तेच माहीत नसेल तर तारांकन.

मग कोर्टाचा संबंध काय?

समजा चार चौकोन आहेत, पहिला रिकामा, पुढे ए, आर, ई. सूत्र आहे, 'प्रवासात याची काळजी असते'. एकाला 'केअर' सुचेल, दुसऱ्याला 'फेअर'. दोन्ही बसतात. बक्षीस कुणाला?

बक्षिसाच्या शब्दकोड्यांचा एके काळी मोठा धंदा होता. आर. एम. डी. चामरबागवाला यांची 'आरएमडीसी' शब्दकोडी बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातून मुंबई राज्यात येत. राज्यानं 1948 च्या कायद्यात 1952 साली दुरुस्ती करून बाहेर छापल्या जाणाऱ्या अशा स्पर्धांवरही कर लावला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1957 मध्ये सरन्यायाधीश एस. आर. दास यांच्या निकालात ही स्पर्धा जुगार ठरली. कारण शब्द बरोबर बसतो की नाही याला महत्त्वच नव्हतं. आयोजकांनी आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी तो जुळतो का, यावर बक्षीस होतं. मला हा निकाल पटतो. भाषा येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला सारखीच संधी असेल तर ते कोडं कसलं?

त्याआधीच 1955 चा प्राइझ कॉम्पिटिशन्स कायदा आला होता. अक्षरं किंवा शब्दांच्या जुळवाजुळवीवर बक्षीस देणाऱ्या स्पर्धा त्याच्या व्याख्येतच येतात. महिन्याला 1000 रुपयांहून जास्त बक्षिसं देणाऱ्या स्पर्धांना त्यानं मनाई केली. मात्र खऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना हा कायदा लागू नाही, असं कोर्टानं 1957 मध्येच स्पष्ट केलं. पुढे रमीपासून ऑनलाइन गेमपर्यंत अनेक खटल्यांत कौशल्य की नशीब हा वाद याच निकालांच्या आधारे लढला गेला.

ऑनलाइनपुरतं चित्र आता बदललंय. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. तेव्हा 'शब्द बनवा, पैसे जिंका' म्हणणारं ॲप आधी तुमच्याकडून पैसे भरून घेत असेल, तर अक्षरं जुळवायला बसूच नका.