पवित्र अवशेषांची सत्यता : जुन्या गोव्यातील राणी केतेवानच्या अस्थी

संतांच्या व हुतात्म्यांच्या अस्थी, त्यांची वस्त्रे आणि त्यांच्या वापरातील वस्तू यांना ख्रिस्ती परंपरेत ‘पवित्र अवशेष’ म्हटले जाते. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स या दोन्ही पंथांत त्यांना पूज्य मानतात. हे अवशेष खरे की बनावट, हा वादही या श्रद्धेइतकाच जुना आहे. मध्ययुगीन युरोपात अवशेषांची चोरी होत असे आणि त्यांचा व्यापारही चाले. त्यामुळे खुद्द चर्चलाच नियम करावे लागले. नव्याने सापडलेल्या अवशेषांची पूजा पोपच्या मान्यतेशिवाय करू नये, असे १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठरविले. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याने १५४३ मध्ये या प्रथेवर कठोर टीका करणारा प्रबंध लिहिला. पुढे १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने अशी मान्यता देण्याची जबाबदारी बिशपांवर सोपविली.

विसाव्या शतकात या वादात प्रयोगशाळेचा प्रवेश झाला. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे इटलीतील तुरीनचे कफन. क्रुसावरून उतरविलेल्या येशूचा देह याच वस्त्रात गुंडाळला होता, असे श्रद्धाळू मानतात. मात्र या वस्त्राची खात्रीलायक नोंद चौदाव्या शतकातील फ्रान्सपासूनच मिळते. ते एका चित्रकाराचे काम असल्याचे त्रुआच्या बिशपाने १३८९ मध्येच लेखी कळविले होते. ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना येथील तीन प्रयोगशाळांनी १९८८ मध्ये कार्बन पद्धतीने कालमापन केले, तेव्हा कापडाचा काळ इ. स. १२६० ते १३९० असा निघाला. तपासलेला नमुना कापडाच्या दुरुस्त केलेल्या भागातील होता, असा आक्षेप पुढे घेण्यात आला आणि वाद आजही पूर्णपणे शमलेला नाही. तरीही जुना कागद आणि आधुनिक चाचणी या दोहोंचा कौल येथे एकाच बाजूला, म्हणजे श्रद्धेच्या विरुद्ध जातो.

याच्या उलट दिशेने गेलेले एक प्रकरण आपल्या शेजारी, गोव्यात घडले आहे.

शिराझ ते गोवा

केतेवान ही पूर्व जॉर्जियातील काखेती राज्याची राणी आणि राजा तैमुराझ पहिला याची आई. इराणच्या शाह अब्बास पहिला याने काखेतीवर दबाव आणला, तेव्हा राज्य वाचविण्यासाठी ती १६१४ च्या सुमारास ओलीस म्हणून त्याच्याकडे गेली. पुढे सुमारे दहा वर्षे ती शिराझ येथे नजरकैदेत होती. ख्रिस्ती धर्म सोडण्यास तिने नकार दिल्यामुळे १६२४ मध्ये तिचा छळ करून तिला ठार मारण्यात आले. जॉर्जियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तिला संतपद दिले.

त्या वेळी शिराझमध्ये पोर्तुगीज ऑगस्टिनियन धर्मसंघाचे धर्मगुरू राहत होते. त्यांनी राणीच्या अस्थी गुप्तपणे हस्तगत केल्या. त्यांतील काही भाग जॉर्जियात तिच्या मुलाकडे पोहोचविण्यात आला, तर उजव्या हाताचा भाग १६२७ मध्ये गोव्यास आणला गेला. जुन्या गोव्यातील मोंत सांतो टेकडीवरच्या ऑगस्टिनियन मठात, चॅप्टर चॅपलच्या दुसऱ्या खिडकीपाशी, एका काळ्या पेटीत तो ठेवल्याचा उल्लेख पोर्तुगीज कागदपत्रांत आहे. राणी ऑर्थोडॉक्स पंथाची आणि तिच्या अस्थी जपणारे कॅथलिक, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

परंपरा खंडित झाली

अवशेषांच्या सत्यतेचा विचार करताना ताब्याची अखंडता महत्त्वाची ठरते. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव १५५४ मध्ये गोव्यात आले आणि तेव्हापासून ते सतत चर्चच्या देखरेखीखाली आहे. केतेवानच्या अस्थींचे तसे झाले नाही. पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांवर बंदी घातल्यानंतर १८३५ मध्ये मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भागही पडला. आज पर्यटक पाहतात तो जांभ्या दगडाचा उंच भग्न मनोरा याच चर्चचा. अस्थी ढिगाऱ्याखाली गेल्या आणि पुढे त्या कोठे आहेत हे सांगणारे कोणी उरले नाही.

जॉर्जियात मात्र राणीची आठवण जिवंत होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील अभ्यासकांची पथके गोव्यात येऊ लागली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन केले. कागदपत्रांतील वर्णनावरून आधी चॅप्टर चॅपलची आणि मग खिडकीची जागा निश्चित करण्यात आली. २००४ मध्ये तेथे हाताचे एक हाड मिळाले.

चाचणीचा निष्कर्ष

कागदपत्रांनी दाखविलेल्या जागी हाड सापडले, एवढ्यावरून ते राणीचेच, असे म्हणता येत नाही. मठात अनेकांची दफने झाली होती. म्हणून हैदराबाद येथील पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राकडे, म्हणजे सीसीएमबीकडे, हे काम देण्यात आले. तेथील शास्त्रज्ञांनी मायटोकाँड्रियातील डीएनए तपासला. हा डीएनए केवळ आईकडून अपत्याकडे येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या फारसा बदलत नाही. त्यामुळे त्यावरून मातृवंशाचा प्रदेश ओळखता येतो.

या हाडाचा मातृवंशगट ‘यू१बी’ असल्याचे आढळले. भारतात तपासलेल्या हजारो नमुन्यांत हा गट आढळला नव्हता. जॉर्जिया व आसपासच्या प्रदेशात मात्र तो आढळतो. त्याच शोधातील आणखी दोन अस्थी तपासण्यात आल्या, तेव्हा त्यांचे मातृवंशगट भारतीय उपखंडातील निघाले. या नकाराचे महत्त्व मोठे आहे. ज्या चाचणीत प्रत्येक अवशेष खराच ठरतो, तिला चाचणी म्हणता येत नाही. येथे तीनपैकी दोन अस्थी बाद झाल्या, म्हणून तिसरीचा होकार विश्वासार्ह ठरतो.

‘बहुधा’ या शब्दाचे मोल

तरीही शास्त्रज्ञांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच हा अवशेष ‘बहुधा’ राणी केतेवानचा असल्याचे म्हटले. हा सावधपणा अनाठायी नव्हता. मातृवंशगट व्यक्तीचे नाव सांगत नाही. एकाच मातृवंशगटाची माणसे असंख्य असतात. हे हाड जॉर्जियाकडच्या मातृवंशातील व्यक्तीचे असावे, एवढेच डीएनए सांगतो. ती व्यक्ती केतेवान होती, हे अनुमान निघते ते तीन पुराव्यांच्या मेळातून : कागदपत्रांत हाताच्या अस्थीचा उल्लेख आहे, त्यांत नोंदलेल्या जागीच हाताचे हाड मिळाले आणि त्याचा वंश गोव्यातील मठात सहसा न आढळणारा निघाला. यांपैकी कोणताही एक पुरावा एकटा पुरेसा नाही. तिन्ही एकत्र आले की योगायोगाची शक्यता फारच कमी उरते.

२०१७ मध्ये भारताने हे अवशेष काही काळासाठी जॉर्जियाला दर्शनासाठी पाठविले. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसी येथे त्यांचा एक भाग जॉर्जियाला कायमचा सुपूर्द केला. जवळजवळ चारशे वर्षांनी राणीच्या हाताचा अंश मायदेशी परतला, अशीच तेथील श्रद्धाळूंची भावना होती. समारंभात ‘बहुधा’ला जागा नसते आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये.

अवशेषांच्या वादात विज्ञान आणि श्रद्धा हे एकमेकांचे शत्रूच असतात, असा समज रूढ आहे. तुरीन आणि गोवा ही दोन उदाहरणे एकत्र पाहिली, तर तो अपुरा ठरतो. तीच शास्त्रीय शिस्त एके ठिकाणी श्रद्धेच्या विरुद्ध गेली आणि दुसऱ्या ठिकाणी ढिगाऱ्यात हरवलेली राणी तिच्या लोकांना शोधून देण्यास उपयोगी पडली. संतत्व मोजण्याचे साधन प्रयोगशाळेकडे नाही. हाड कोणाचे असू शकते आणि कोणाचे असू शकत नाही, एवढेच ती सांगते. जो निकाल मनाविरुद्ध लागल्यासही स्वीकारण्याची तयारी असते, त्याच निकालाला अनुकूल लागल्यावर किंमत येते.