दोघी बहिणी आणि घाणेरी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाने टेकडीवरची घाणेरी एका दमात तोडली. पावसात ती दुप्पट फुटली. तेव्हा आम्हाला सिडनीच्या ब्रॅडली बहिणींची रीत समजून घ्यावीशी वाटली.

जोन आणि आयलीन. १९६०च्या दशकात त्या घराजवळच्या अ‍ॅश्टन पार्कच्या रानात फिरायला जात. तिथेही आपलीच घाणेरी! (आपली कसली, मूळची अमेरिकेची.) एकदम साफ केलेल्या उघड्या मातीत तण आणखी माजतं, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी उलटं धरलं. देशी झाडं धडधाकट असतील तिथून सुरुवात, दाट तणाला शेवटी हात. माती कमीत कमी उकरायची, पालापाचोळा परत जागेवर पसरायचा. आणि देशी रोपं जागा भरतील तेवढंच पुढे सरकायचं. ही शेवटची अट आम्हा घाईवाल्यांना जड जाते. पैसे कोणी देत नव्हतं. जाता-येता उपटत राहायचं.

१९७१ मध्ये त्यांनी ही रीत पुस्तिकेत मांडली. आयलीन १९७६ मध्ये गेल्या, जोन १९८२ मध्ये. पण सिडनीत आजही स्वयंसेवक रानं अशीच राखतात.

यंदा आम्ही करवंदीच्या जाळीपासून सुरुवात करतोय. येताना खुरपी आणा, कुदळ नको.