नाक, अब्रू आणि सुरी

पोस्ट जरा लांब आहे, सावकाश वाचा.

"नाक नीट करून घेतलं की मनावरचं ओझं जाईल का?" हा प्रश्न हल्ली बरीच तरुण मंडळी विचारतात. एकीकडे "फॅशनची थेरं" म्हणून हसणारे आहेत, तर दुसरीकडे "आत्मविश्वास मिळवा" म्हणत हप्त्यावर ऑपरेशन विकणारे. मी म्हणतो, उत्तर देण्याआधी जरा इतिहास बघू. तो आपल्या पुण्याजवळूनच जातो.

ऑक्टोबर १७९४. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा मराठा शेतकरी जातीचा माणूस इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. तो टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एकाने त्याला नवं नाक बसवलं. मेणाचं नाक करायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, तेवढी कातडी सोडवायची आणि दोन डोळ्यांच्या मध्ये चिकटलेली ठेवून खाली वळवायची. हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तसंच ऑपरेशन केलं आणि पुढे त्यावर पुस्तक लिहिलं. नाक बसवणाऱ्या आपल्या माणसाचं नाव मात्र त्या पत्रात नाही!

आपल्याकडे 'नाक कापलं' म्हणजे अब्रू गेली. कावसजीला परत हवी होती ती चारचौघांत मान वर करायची सोय, असं मला वाटतं. म्हणजे ही शस्त्रक्रिया पहिल्यापासून मनाशी जोडलेली आहे. तिला नुसता नखरा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता बर्लिन. १८९६ मध्ये जाक जोसेफ या डॉक्टरने एका मुलाचे पुढे आलेले कान नीट केले. आजार नसताना सुरी चालवली म्हणून त्याची नोकरी गेली. १८९८ मध्ये त्याच्याकडे मोठ्या नाकाचा एक माणूस आला. लोक बघतात, कुजबुजतात, म्हणून तो चारचौघांत जायला टाळायचा. ऑपरेशननंतर त्याची उदासी गेली, तो मोकळेपणाने फिरू लागला, असं जोसेफने डॉक्टरांच्या सभेत मांडलं. याला देखणं व्हायचं नव्हतं, कुणी आपल्याकडे वळून बघू नये एवढंच हवं होतं.

जोसेफ स्वतः ज्यू होता. त्या काळी व्यंगचित्रांतून ज्यूंच्या नाकाची सर्रास टिंगल व्हायची. पुढे अनेक ज्यू त्याच्याकडे नाक बदलायला आले. मग खोट कुणात होती? त्या नाकात, की टिंगल करणाऱ्यांत?

तिसरी गोष्ट इटलीची. १८९१ मध्ये एन्रिको मोर्सेली या मनोविकारतज्ज्ञाने काही रुग्णांविषयी लिहिलं. चेहऱ्यात दिसण्याजोगं काही नसतानाही, आपण विद्रूप आहोत या विचाराने ही माणसं पोखरून निघत होती. आज याला 'बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर' म्हणतात. १९८७ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत हे नाव आलं. या आजारात सुरी सहसा उपयोगी पडत नाही. नाक झालं की हनुवटी खुपते, हनुवटी झाली की त्वचा. इथे समुपदेशन आणि औषधं लागतात. न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनीही १९६० च्या पुस्तकात मांडलं, की काहींचा चेहरा बदलतो, पण मनातली स्वतःची प्रतिमा तशीच राहते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ऑपरेशन करणाऱ्याला नावं ठेवू नका. पण सुरी हाती घेण्याआधी डॉक्टरने विचारायलाच हवं: हे कुणाच्या सांगण्यावरून करताय? दिवसातला किती वेळ आरशासमोर जातो? यानंतर आयुष्यात नेमकं काय बदलेल असं वाटतं? शंका आली तर आधी मनाच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं. हे न विचारता पॅकेजचे दर सांगणाऱ्या क्लिनिकमधून सरळ उठून या.

आणि लग्न जमवताना "मुलगी चांगली आहे हो, पण नाक जरा..." म्हणणारे काका-मावशी, तुम्हीही ऐका. जोसेफच्या त्या पेशंटला घरात कोंडणारे लोक असंच बोलत असणार.

घरात कुणी आरशासमोर तासन्‌तास अडकत असेल, बाहेर पडायचं टाळत असेल, तर रागावू नका. सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन लावून द्या.