नोंदणी क्रमांक ९ : मेंढपाळांनी लिहिलेली वंशावळ

१८७३ साली ब्रिटनमध्ये सहा महिन्यांच्या अंतराने दोन घटना घडल्या. एप्रिलमध्ये लंडनला 'केनल क्लब' स्थापन झाला. श्वानप्रदर्शनांना शिस्त लावणे आणि कुत्र्यांच्या वंशावळी छापील नोंदवहीत आणणे हे त्याचे काम. ९ ऑक्टोबर रोजी वेल्समधील बाला येथे रिचर्ड जॉन लॉईड प्राइस या जमीनदाराने मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा भरवली. तिच्यात दहा कुत्रे उतरले. जिंकला तो 'ट्वीड'. त्याचा धनी जेम्स थॉमसन हा वेल्समध्ये राहणारा स्कॉटिश मेंढपाळ होता.

कुत्र्याचे मोल कशावरून ठरवायचे, या प्रश्नाची दोन उत्तरे अशी एकाच वर्षी पुढे आली. आजचा धागा त्या दोन उत्तरांमधील शंभराहून अधिक वर्षांच्या भांडणाचा आहे.

मित्रहो, आधी हे काम म्हणजे काय ते पाहू. मेंढपाळ खाली उभा असतो आणि कळप दूरवर, डोंगराच्या कुशीत चरत असतो. इशारा मिळताच कुत्रा सरळ धावत न जाता मोठा वळसा घेतो आणि कळपाच्या पलीकडे जाऊन थांबतो. मेंढ्या न उधळता त्यांना हलवायचे, धन्यापर्यंत आणायचे, त्यांतील नेमक्या दोन-चार वेगळ्या काढायच्या आणि उरलेल्या मेंढवाड्यात घालायच्या. हे सारे भुंकून किंवा चावून होत नाही. कुत्रा पोट जमिनीला टेकवल्यासारखा दबत पुढे सरकतो आणि मेंढीवर दृष्टी रोखतो. त्या मुलखातील मेंढपाळ या गुणाला 'डोळा' म्हणत. आपण 'नजर' म्हणू. शिकवणीने ती धारदार होते, पण मुळात ती रक्तातच असावी लागते.

या नजरेच्या इतिहासात एक कुत्रा कुलपुरुष मानला जातो. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेलगतच्या नॉर्थम्बरलँडमध्ये ॲडम टेलफर यांच्याकडे १८९३ साली 'हेम्प' जन्मला. बाप 'रॉय' मोकळ्या स्वभावाचा, पण कामात बेताचा. आई 'मेग' बुजरी, आणि तिची नजर इतकी जड की कधी ती स्वतःच त्यात अडकून पडावी. या जोडीतून निघालेला हेम्प शांतपणे काम करी आणि मेंढ्या त्याच्यापुढे निमूट चालत. शेजारपाजारचे मेंढपाळ आपल्या कुत्र्या त्याच्याकडे आणू लागले. १९०१ मध्ये तो मेला, तोवर त्याची संतती सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरली होती.

१९०६ साली स्कॉटलंडमधील हॅडिंग्टन येथे 'इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी' स्थापन झाली. पुढे तिच्या वंशनोंदवहीत हेम्पला क्रमांक मिळाला ९. नोंद झाली तेव्हा तो हयात नव्हता; पण ज्याची नातवंडे-पतवंडे नोंदवायची, त्याचे नाव मुळाशी नको का? आपल्याकडे कुळाची हकीकत लिहिताना मूळपुरुषाचे नाव शिरोभागी येते, त्यातलाच हा प्रकार. 'बॉर्डर कॉली' हे नाव मात्र मागाहून आले. १९१५ च्या सुमारास सोसायटीचे चिटणीस जेम्स रीड यांनी ते रूढ केले, असे मानले जाते.

या नोंदवहीत जे नाही, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कुत्र्याची उंची किती, कान ताठ की पडलेले, केस लांब की आखूड, रंग कोणता, यांचे बंधन तिने कधी घातले नाही. आईबाप कोण हे लिहायचे, आणि कोणाची वीण वाढवायची याचा निवाडा स्पर्धेच्या माळावर व्हायचा. धावेला गुण, आणण्याला गुण, मेंढ्या वेगळ्या काढण्याला गुण.

मेंढपाळांचा हा हट्ट अनाठायी नव्हता. त्यांच्यासमोर जुन्या कॉलीचे उदाहरण होते. बाल्मोरलला राणी व्हिक्टोरियाने कॉली पाळल्यावर त्याची सरदारघराण्यांत चढाओढ लागली. प्रदर्शनांतून पिढ्यानपिढ्या लांब निमुळते तोंड आणि भरघोस आयाळ यांनाच बक्षिसे मिळत गेली. कुत्रा देखणा झाला आणि मेंढ्यांना दुरावला. त्यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. कामाची वृत्ती ही अनेक स्वभावगुणांची नाजूक गुंफण असते. प्रत्येक पिढीत ती पारखली नाही तर विरत जाते, आणि प्रदर्शनाच्या रिंगणात मेंढ्याच नसतात.

म्हणून मेंढपाळांची वही निर्दोष होती असे समजू नये. 'विस्टन कॅप' या कुत्र्याने १९६५ मध्ये कार्डिफला आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. मग जो तो त्याचीच संतती मागू लागला. आज अनेक वंशावळींत त्याचे नाव एकाहून अधिक वेळा सापडते. एकाच रक्ताचा असा हव्यास धरला की सुप्त दोषही एकत्र येतात. स्पर्धेतील गुणांवरच नजर ठेवणाऱ्यांना ते दिसत नाहीत. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक विकार या कुत्र्यांत होताच. ज्या कुळाचा सारा नावलौकिक नजरेवर, त्यालाच आंधळेपणाचा शाप! साठच्या दशकापासून सोसायटीने पशुवैद्यांकडून डोळे तपासून घेण्यास आरंभ केला, सदोष कुत्र्यांना नोंदणीची दारे बंद केली आणि तो विकार पुष्कळच मागे हटला. नोंदवही अशीही कामास येते.

१९७६ साली लंडनच्या केनल क्लबाने बॉर्डर कॉलीला मान्यता दिली, पण एक तडजोड ठेवून. रिंगणात जिंकणारा कुत्रा केवळ 'शो चॅम्पियन'. पूर्ण 'चॅम्पियन' म्हणवून घ्यायचे तर त्याने मेंढ्यांवरील चाचणीही पार करायची.

अमेरिकेत अशी तडजोड जमली नाही. तेथील मेंढपाळांची 'अमेरिकन बॉर्डर कॉली असोसिएशन' १९८३ पासून कामकरी कुत्र्यांची नोंद ठेवत होती. 'अमेरिकन केनल क्लब' या जातीला प्रदर्शनाच्या यादीत पूर्ण स्थान देऊ लागला, तेव्हा कामकरी कुत्रे पाळणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. एरवी एखाद्या जातीला असा मान मिळावा म्हणून तिचे चाहते खटपट करतात. येथे मान नाकारण्यासाठी झगडा चालला होता. १९९५ मध्ये मान्यता मिळालीच. असोसिएशनने पुढे नियम केला : जो कुत्रा रूपाच्या स्पर्धेत चॅम्पियन ठरेल, त्याचे नाव आमच्या वहीतून खोडले जाईल.

हा नियम कठोर आहे खरा. पण विस्टन कॅपचा अनुभव लक्षात घेता मला मेंढपाळांची दुसरी तरतूद अधिक शहाणपणाची वाटते. ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही वह्यांत गुणवत्तेवर नोंदणी करण्याची वाट आजही खुली आहे. आईबापांची नोंद नसलेला कुत्रा घेऊन या. जाणकारांसमोर त्याने काम सिद्ध केले आणि तपासणीत तो निरोगी ठरला, की त्याला क्रमांक मिळतो आणि त्याची वंशावळ त्याच्यापासून सुरू होते.